येऊन राहिली

फाल्गुन लागल्याचं मला अमरावतीत कुणी सांगत नाही. आमच्या गच्चीवरून चारी बाजूंना पाण्याच्या टाक्या दिसतात, आणि टाक्यांना ऋतू नसतो. पण एखाद्या दुपारी वारा कोरडा होऊन खिडकीचं दार आपटतो, अंगावरची शाल नकोशी होते, आणि मी गावाकडं वहिनीला फोन लावते. विचारायचं एकच असतं.

"वयनी, पयस फुलला का?"

पळस म्हणायला माझी जीभ वळत नाही असं नाही. बँकेत, दवाखान्यात, सुनेच्या माहेरच्यांसमोर मी 'ळ' अगदी ठसठशीत म्हणते. पण वहिनीचा आवाज कानावर पडला की ळचा आपोआप य होतो. होळीची होयी होते, डोळ्याचा डोया होतो आणि पळसाचा पयस. गंमत अशी, की वहिनी मुळात पुण्याची. ही भाषा तिनं आमच्या घरात येऊन उचलली. तरी माझ्याशी बोलताना तिची अर्धी वाक्यं अजून पुण्याची असतात आणि अर्धी वऱ्हाडची, आणि कुठलं वाक्य कुठल्या गावचं निघेल ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

दरवर्षी ती म्हणते, "फुलला. येऊन पाहून जा ना." यंदा म्हणाली, "फुलला आहे. लवकर ये." त्या 'लवकर'नं माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण होतंच. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गेल्या श्रावणात गेला. तेव्हापासून दर्यापूरजवळच्या आमच्या गावात, पूर्णेच्या काठच्या घरात वहिनी एकटी राहते. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं आहे. तिचा मुलगा अनुप पुण्यात नोकरीला आहे, त्यानं तिथं घर घेतलं आहे, त्यात आईची म्हणून एक खोली ठेवली आहे. खोलीत पलंग आला, पंखा लागला, देव्हाऱ्याला जागासुद्धा काढली. एवढं सगळं झालं, फक्त आई तेवढी यायची राहिली. "पाडव्यापर्यंत सांगते," असं वहिनीनं त्याला कळवलं होतं. मग त्यानं मला फोन केला. "आत्या, तुझं ऐकते ती. तूच समजव."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काय कारण होतं? पोरगं गुणाचं आहे. सूनही चांगली आहे. गावात रात्री-बेरात्री दुखलं खुपलं तर गाडी मिळत नाही. हे सगळं मी चारचौघांत शहाण्यासारखं बोलत होते, आणि बोलताना माझं मलाच पटत होतं. आणि तरी खरं सांगायचं तर मला ती जायला नको होती. आईवडील गेले की माहेर भावाकडं येतं. भाऊ गेला की वहिनीकडं येतं. वहिनी गेली की ते कुलपाकडं जातं. ह्या वयात कसलं आलंय माहेर, असं आमचे हे म्हणतात. ह्यांना काय जातंय म्हणायला, ते राहतात त्याच घरात जन्मलेले आहेत.

होळीच्या आदल्या दिवशी मी निघाले. रविवार होता. दर्यापूरच्या स्टँडवर उतरून जीप धरली. जीपमध्ये नेहमीसारखं एकमेकांच्या मांड्यांवर बसल्यागत बसलो. बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले, हरभरा निघून गेलेला, काळी जमीन तडकून मोकळी पडलेली. गहू तेवढा कुठंकुठं उभा होता. आमच्या मुलखात वसंत शेतात शोधायला जाऊ नये. शेतं ह्या दिवसांत नुसती रिकामी असतात. वसंत असतो तो नदीच्या थडीवर, तोही माहीत असेल त्यालाच सापडतो.

वहिनी फाट्यावर उभी होती. डोक्यावरून दादाचा पांढरा दुपट्टा घेतलेला, हातात मोठी कापडी पिशवी आणि फुलांसाठी टोपलं. दादा उन्हात निघाला की तोच दुपट्टा बांधायचा. तो तिच्या डोक्यावर पाहून मी दोन पावलं अलीकडंच थांबले, पण ती म्हणाली, "जाड झाली तू," आणि मग मी पुढं होऊन तिच्या हातातलं टोपलं घेतलं.

फाट्यावरून गावात सरळ डांबरी रस्ता जातो. पण ह्या दिवसांत आम्ही दोघी नदीनं जातो. रस्त्याला लागूनच एक पांदण खाली उतरते. दोन्ही बाजूंना वाळलेला तरोटा उभा असतो, पदर लागला की त्याच्या शेंगा खुळखुळतात. लहानपणी आम्ही पैंजण वाजतात म्हणून मुद्दाम त्यातून पळायचो. पांदण संपली की एकदम सावली. बाभळी, हिवर, करंज, मधेच एखादं म्हातारं उंबर, आणि त्यांच्या फटींतून खाली पांढरी वाळू. पूर्णा ह्या दिवसांत रोडावलेली असते. एका कडेनं पाणी वाहतं, मधे डोह साचलेले, बाकी सगळी वाळूच वाळू.

पळस दिसायच्या आधी त्याच्यावरचा गलका ऐकू येतो. मैना, बुलबुल, कावळेसुद्धा. झाडावर पान नाही, आणि फुलं इतकी की फांद्या दिसू नयेत. लोक पळसाचं फार कौतुक करतात, पेटला काय, धगधगला काय. मला तसं काही वाटत नाही. जवळून पाहिलं तर पळसाचं फूल पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, मऊ आणि जरा धुळकट असतं. त्याला वासही नाही. पण ते रंग देतं. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळलं की केशरी पाणी होतं, धुळवडीला आम्ही दुसरा रंग कधी वापरला नाही. त्या रंगानं अंगाला खाज सुटत नाही आणि पांढऱ्या सदऱ्यावरचा डाग पुढच्या होळीपर्यंत टिकतो. आईच्या दृष्टीनं पहिला त्याचा गुण होता आणि दुसरा दोष.

"हा पाहा, यंदा खालची फांदीसुद्धा भरली," मी म्हटलं.

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि सावर पाहिली का तिकडची?"

"पाहिली."

काटेसावरीखाली लाल जाड फुलं पडली होती, बदाबद पडतात ती, एखादं डोक्यात पडलं तर लागतं. वाळूच्या कडेला भुईरिंगणी पसरली होती, जांभळी फुलं आणि पानांनासुद्धा काटे. पिवळा धोतरा होता. रुई होती. ह्यातलं एकही फूल देवघरात न्यायचं नाही, निदान आमच्या आईच्या देवघरात तरी नाही. रुईची माळ शनिवारी मारुतीला, तेवढाच काय तो मान. मी एकेका फुलाशी थांबत होते, वहिनीला दाखवत होते. जणू तिनं ती कधी पाहिलीच नाहीत. अनुपचं काम माझ्या पदराला बांधलेलं होतं आणि गाठ सोडायचं धाडस होत नव्हतं.

त्या पहिल्या वर्षीही आम्ही दोघी अशाच पळसाखाली होतो.

वहिनी लग्न होऊन आली ती हिवाळ्यात. तिचे वडील मूळचे अचलपूरकडचे, पण तरुणपणीच नोकरीसाठी पुण्याला गेले ते तिथलेच झाले. लेक मात्र आपल्या मुलखात द्यायची त्यांची हौस. लेकीला हा मुलूख ठाऊक नव्हता. घरात तिच्या आईची भाषा चालायची, आणि वडील मुळात बोलायचेच कमी. मी तेव्हा कॉलेजात, तोंडाळ, आणि घरात पुण्याची वहिनी आली म्हणून भलतीच खूश. ती मला 'वन्सं' म्हणायची. आमच्याकडं तो शब्द कुणी ऐकलेला नव्हता. मी सगळ्या गल्लीला सांगितलं, की पुण्यात नणंदेला वनस्पती म्हणतात.

तिचे हाल होत होते, हे आता कळतं. आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट. पिण्याचं पाणी नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं उपसून आणायचं. एकदा तिनं चुकून विहिरीच्या पाण्याचा चहा केला. पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली आणि कुणी काही बोलायच्या आत दादानं दुसरा कप मागितला. संपवलाही. आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. दादा तसा घुमा होता, बायकोशी चारचौघांत बोलायचा नाही, पण त्या खारट चहाचे दोन कप मी त्याच्या नावावर कायमचे लिहून ठेवले आहेत.

आणि भाषा. पुण्यात 'करून राहिलो' म्हटलं तर लोक विचारतील, काय करून, आणि कुठं राहिलास? आमच्याकडं त्याचा अर्थ साधा. स्वयंपाक करून राहिली म्हणजे आत्ता करते आहे. झोपून राहिला म्हणजे झोपला आहे. वहिनीच्या कानाला मात्र आमचा सगळा गाव कुठं ना कुठं कायमचा राहायला गेलेला वाटायचा. "तुहे मामंजी शेतात जाऊन राहिले," असं आई म्हणाली, तर ही बिचारी म्हणे विचारात पडली, की भांडण कशावरून झालं असेल.

ती होळीही अशीच आली. आईनं चाकोल्या थापल्या होत्या, शेणाच्या छोट्या भोकाच्या चकत्या, वाळल्या की त्यांची माळ करून होळीला घालायची. वहिनीला वाटलं हा काहीतरी खाऊ आहे. तो किस्सा सांगत नाही, तिनं शपथ घातली आहे. तर आम्ही दोघी फुलं वेचायला नदीवर आलो. ती फुलं वेचत होती आणि मधेच थांबत होती. तोपर्यंत मला माहीत नव्हतं, की तिनं दादाला सांगून ठेवलं होतं, मला घरी जायचं आहे, बाबांना बोलवा. परत कधी यायचं ते ती बोललीच नव्हती. दादानंही विचारलं नव्हतं. तो मुकाट्यानं दर्यापूरला गेला आणि पुण्याला फोन करून आला.

पलीकडच्या काठावर रामदासभाऊची डांगरवाडी होती. पूर ओसरला की वाळूत खड्डे करून, शेणखत घालून तो वेल लावायचा, होळीच्या सुमाराला पहिली फळं यायची. तो गावातून वाडीकडं निघाला होता. नदीच्या मधोमध उभं राहून त्यानं हाक दिली.

"ओ सूनबाई! तुमच्या सासूनं सांगतलं, तुमचे बाबा येऊन राहिले!"

वहिनीच्या हातातली फुलं खाली पडली. मला काही कळायच्या आत ती पळत सुटली. चपला वाळूत राहिल्या. नवी साडी, डोक्यावरचा पदर मागं गेलेला, पांदणीतून, गावातून, सगळ्या ओट्यांवरच्या बायांच्या देखत ती धावत घरी गेली. मी मागून दोघींच्या चपला आणि फुलांचं टोपलं घेऊन.

घरात कुणीच नव्हतं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"बाबा कुठं आहेत?" वहिनीनं विचारलं. दम लागला होता.

"येऊन राहिले ना."

"अहो, पण कुठं?"

"आता मले काय मालूम कुठी? गाडीत असतीन. दुकानात फोन आला, निघालो म्हने. उद्या पोचतीन." आईनं भाकरी उलटली आणि मग तिच्या पायांकडं पाहिलं. "अवं बाप्पा, अनवाणी काहून आली वं तू?"

वहिनी ओट्याच्या खांबाला धरून खाली बसली आणि रडली. मोठ्यानं रडली, आल्यापासून पहिल्यांदाच. आईला काय झालं ते समजेना. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "येऊन राहिले म्हंजे येऊन राहिले. आले असं म्या कुठं म्हनलं?" मला समजलं होतं, आणि मला हसूही येत होतं, आणि हसलं तर ही उद्या बाबांबरोबर जाईल ती परत यायची नाही, असंही वाटत होतं. तेव्हा माझं माहेर, सासर असं काही नव्हतं. फक्त ती मला आवडली होती.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची पिशवी, पुण्याचे साहेब. आई ओट्यावर आली.

"या इवाई, कसे हाय?"

"आता कसा राहीन वं इहीनबाई? मस्त हाय!" ते म्हणाले. "तुमी कसे काय करून राहिले?"

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. तिनं बाबांच्या तोंडून असं बोलणं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नंतर आम्ही सगळे नदीवर गेलो. साहेबांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि वाळूत चालायला लागले. झिऱ्याशी वाकून वाटीनं पाणी प्यायले. रामदासभाऊनं एक डांगर आणून दिलं. वहिनी माझ्या कानात म्हणाली, "कच्चं खायचं?" तिच्या पुण्यात डांगर म्हणजे तांबडा भोपळा. आमचं डांगर म्हणजे नदीच्या वाळूतलं गोड फळ, शहरात ज्याला खरबूज म्हणतात. बाबांनी ते बुक्कीनं फोडलं, अर्धं लेकीच्या हातात दिलं, अर्धं स्वतः खाल्लं, हनुवटीवरून रस गळत होता.

"एकच काहून आनलं बे?" ते रामदासभाऊवर ओरडले. "आमी पाव्हने हाओ का भिकारी?"

त्या 'बे'ला वहिनीनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून हसली. रामदासभाऊ हसला, दादा हसला, आणि बाबा त्या वाळूत पाय पसरून इतके मोठ्यानं बोलत बसले, की पलीकडच्या करंजावरचे बगळे उडाले.

जायच्या दिवशी वहिनीची ट्रंक फाट्यावर आली होती. बाबा एसटीत चढले, दादानं ट्रंक उचलली. आणि वहिनी म्हणाली, "बाबा, तुम्ही व्हा पुढं. मी नंतर येते." दादा ट्रंक हातात घेऊन तसाच उभा. गाडी गेली तरी त्याला ती खाली ठेवायचं सुचलं नाही. नंतर ती गेली, मे महिन्यात, आठ-पंधरा दिवस राहून परत आली, जशा सगळ्या जातात तशी. पुढं तिचे बाबाच दर होळीला यायचे, हातपाय चालत होते तोवर. डांगर खायचे आणि आमच्या आईशी गप्पा मारायचे. खरं म्हणजे लेकीच्या सासरी त्यांचंच माहेर होतं.

"वयनी," मी फुलं वेचता वेचता विचारलं, "तवा तू बाबांसंग गेली काहून नाही?"

"कोण जाणे." ती टोपल्यात पाहत होती. "वाटलं, ज्या गावात येऊन बाबा इतके बोलतात, तिथं काय आहे ते बघू तरी."

"मंग? दिसलं का?"

"खारट पाणी," ती म्हणाली.

एवढ्यात तिचा फोन वाजला. अनुपचा फोन रविवारी सकाळी येतो हे मला माहीत होतं. ती बोलत बोलत उंबराच्या पलीकडं गेली. मी ऐकायचं नाही असं ठरवलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हो रे बाबा, येऊन राहिली... हो, आजच... मोठी पिशवी घेतली आहे. दुसरं काय लागतं?"

येऊन राहिली. मी टोपलं खाली ठेवलं. म्हणजे ठरलं. मला विचारायची, समजवायची गरजच राहिली नव्हती. तिनं मनानं सामानसुद्धा आवरलं होतं. एका अर्थी माझी सुटका झाली होती, अनुपला सांगता येणार होतं, की बघ, आत्यानं काम केलं. मी एक फूल उचललं आणि ते उगीच चुरगळत बसले. बोटं केशरी झाली.

ती आली. "चल, उन्ह वाढलं," म्हणाली. मी तिच्या मागून चालू लागले, कुठं ते न विचारता. आता मला कुठलंच फूल दाखवायचं नव्हतं. डोक्यात भलतेच विचार. घराला कुलूप लागलं की आधी मागच्या दाराला वाळवी लागते. तुळस वाळते. वाटणीच्या पितळेच्या घागरी कुठं जातील? उद्या फाल्गुनात मी फोन कुणाला लावू? अनुपकडं लावीन, वहिनी उचलेल, पण तिच्या खिडकीतूनही टाक्याच दिसतील. आम्ही एकमेकींना काय विचारायचं? पाणी आलं का? मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. पोराकडं जाऊन दोन घास सुखाचे खाईल, त्यात मला वाईट वाटायचं काय कारण? पण वाटत होतं, त्याला मी तरी काय करू?

नदी ओलांडताना तिनं हात पुढं केला. पाणी घोट्याइतकंच होतं, खाली शेवाळाचे दगड. मी तिचा हात धरला आणि न राहवून विचारलं.

"कधीचं तिकीट काढलं?"

"कसलं तिकीट?"

"पुण्याचं. आता तं म्हणली ना तू अनुपले. येऊन राहिली म्हणून."

ती पाण्यात थांबली. माझ्या तोंडाकडं पाहत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. तिचा तोल जात होता, मी तिला धरत होते, दोघींच्या साड्या भिजल्या.

"अगं, तो रामदासभाऊ होता! डांगरं काढून ठेवली, येता का म्हणत होता. मग काय म्हणू त्याला? येऊन राहिली!"

मी पलीकडच्या काठावर पाहिलं. वाडी आता पूर्वीपेक्षा बरीच लहान झाली आहे, वाळू उपशानं नदीचा तळ खाली गेला आहे. पण रामदासभाऊ होता. पांढरा झालेला, फोन अजून कानाजवळच, दुसऱ्या हातानं आम्हाला या या करत होता. त्याच्या पायाशी डांगरांचा ढीग.

पस्तीस वर्षांपूर्वी ती फसली, कारण तिला आमची बोली येत नव्हती. आज मी फसले, ती तिला अस्सल यायला लागली म्हणून. पाण्यात उभं राहून मी पण हसले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते लपवायलाही हात मोकळा नव्हता.

वाडीतल्या खोपटाच्या सावलीला बसलो. रामदासभाऊनं डांगर फोडून दिलं. "शोभाताई, रडून काहून राहिल्या?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "डांगर गोड निघते का नाही, याची चिंता करून राहिली ते." त्यानं ते खरं मानलं आणि रागावून दुसरं फोडलं.

तो वेलांकडं गेल्यावर मी विचारलं, "मंग अनुपले काय सांगणार हाय तू?"

"सांगितलं. काल रात्री बोलले त्याच्याशी." ती बिया वाळूत टाकत होती. "म्हटलं, मी राहून राहिली."

"असंच म्हणली?"

"असंच. तो म्हणतो, आई, नीट सांग, राहून राहिली म्हणजे काय? म्हटलं, तुझा जन्म इथला, तुला कळत नसेल तर तू पुण्याचा झाला. मग म्हणाला, पावसाळ्यात तरी ये. पावसाळ्यात जाईन की महिनाभर. त्याचा पलंग वाया जायला नको." तिनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "अखजीला यांची पहिली घागर भरायची आहे. ती काय फ्लॅटात भरू? यांना तिथला पत्ता तरी सापडेल का?"

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. दादाची घागर झिऱ्याच्या पाण्यानं भरायची की विहिरीच्या, असा एक वेडा विचार माझ्या मनात आला. खारट चहाचे दोन कप पिणारा माणूस तो.

"एवढं सगळं ठरलं होतं, तं मले काहून नाही सांगतलं?" मी जरा चिडूनच म्हटलं. "लवकर ये म्हणली, आणि माह्या जिवाले घोर."

"अगं, फुलं गळायला लागली होती म्हणून लवकर म्हटलं. आणि तू विचारलंस कुठं? फाट्यापासून नुसता पयस दाखवून राहिली, सावर दाखवून राहिली. मी रोज पाहते ती झाडं." मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "आणि मी गेले असते तर तू फोन कोणाले लावला असता? पयस फुलला का, कोणाले विचारलं असतं?"

माझ्या तोंडात डांगर होतं. ते खरंच फार गोड निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होळी झाली. वहिनीनं चाकोल्यांची माळ घातली. पळसाची फुलं रात्री भिजत टाकली, सकाळी उकळली, आणि धुळवडीला आम्ही दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींच्या कपाळाला आणि गालाला केशरी पाणी लावलं, बाकी अंगणात शिंपडलं. दादा गेल्याचं वर्ष, जास्त खेळायचं नसतं. तरी शेजारणीची पोरं आली, त्यांना उरलेली बादली दिली.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. मोठ्या कापडी पिशवीतलं सगळ्यांत मोठं डांगर तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. जीपमध्ये ठेवायला दुसरी जागाच नव्हती. गाडी सुरू झाली. ती दोन पावलं बाजूनं चालली, मग थांबून ओरडली. अगदी आमच्या आईसारखी ओरडली, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशी.

"अखजीले येजो वं!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "येऊन राहिली!"

ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. "ओ ताई," तो म्हणाला, "येऊन कुठी? तुमी तं जाऊन राहिल्या."

जीपमधले सगळे हसले. मी त्याला काही समजवायला गेले नाही. मांडीवरचं डांगर दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.